टाकी काढली म्हणजे जमीन साफ झाली असं नसतं

जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेबद्दल लोक वर्षानुवर्षं सांगत आलेत की टाकी उकरून काढली की विषय संपला, उरलंसुरलं पेट्रोल उडून जातं. हे अर्धवट खरंय आणि म्हणूनच धोक्याचंय. उघड्यावर सांडलेलं उडतं हो, पण गळक्या टाकीतलं पेट्रोल खाली झिरपतं, मातीच्या कणांत अडकून बसतं आणि भूजलापर्यंत पोचलं की पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्यावर तरंगत राहतं, मग त्यातलं बेन्झिन नावाचं रसायन हळूहळू पाण्यात विरघळतं आणि पाणी जिकडे सरकतं तिकडे जातं. बेन्झिनने कॅन्सर होतो, पिण्याच्या पाण्यात डब्ल्यूएचओची मर्यादा लिटरला फक्त १० मायक्रोग्रॅम आहे!

साफ करायला नुसतं दूषित भूजल उपसूनही भागत नाही, उपसा थांबवला की मातीत अडकलेलं परत पाण्यात उतरतं. म्हणून मातीतली पेट्रोलची वाफ व्हॅक्यूमने ओढतात, भूजलात हवा सोडतात. जमिनीतले जिवाणू पेट्रोल खातात हे खरंय, पण ते काम पटापट व्हायला ऑक्सिजन लागतो आणि जिथे प्रदूषण जास्त तिथे तोच आधी संपतो. त्यामुळे अशी जागा घेताना नुसता टाकी काढल्याचा कागद बघून गप्प बसू नका, माती आणि भूजलाचे टेस्ट रिपोर्ट मागा, तेही वेगवेगळ्या ऋतूंतले, कारण पाण्याची पातळी वरखाली झाली की आकडे बदलतात.