मिखाईल त्स्वेत आणि चुनखडीची नळी

क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करण्याच्या पद्धतीची, सुरुवात पानांतल्या एका कोड्यातून झाली. वाटलेले पान पेट्रोलियम ईथर या द्रावकात टाकले तर त्यात मुख्यतः पिवळे कॅरोटिन उतरते, हिरवा रंग पानातच राहतो. थोडे अल्कोहोल घातले की तोही सुटतो, आणि एकदा सुटलेले क्लोरोफिल मग नुसत्या पेट्रोलियम ईथरमध्येही सहज विरघळते. म्हणजे अडचण विद्राव्यतेची नव्हतीच. पानाची ऊती रंगाला पृष्ठभागावर धरून ठेवत होती. हे ओळखले वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी. रंगद्रावणात भिजवून वाळवलेला गाळणकागदही तसाच वागतो, असे त्यांनी दाखवून दिले.

त्स्वेत यांचा जन्म १८७२ सालचा, इटलीतल्या आस्तीचा. वडील रशियन, आई इटालियन. जिनिव्हातली डॉक्टरेट रशियात मान्य नव्हती, म्हणून १९०१ मध्ये कझानला पुन्हा पदवी मिळवावी लागली. पुढे तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या वॉर्सात नोकरी करताना, १९०३ साली, त्यांनी ही पद्धत व्याख्यानात मांडली. १९०६ मध्ये जर्मन नियतकालिकात दोन सविस्तर लेख आले.

रंग धरून ठेवण्यासाठी शंभराहून अधिक पदार्थ तपासून त्यांनी कॅल्शियम कार्बोनेटसारख्या (म्हणजे चुनखडीसारख्या) सौम्य भुकटीला पसंती दिली. पाने वाटतानाच चिमूटभर मॅग्नेशियम ऑक्साईड किंवा चुनखडी घालायची, नाहीतर पानातली आम्ले क्लोरोफिलमधला मॅग्नेशियम काढून टाकतात आणि रंग तपकिरी पडतो. अर्कातले अल्कोहोल पाण्याने धुऊन काढायचे; ते राहिले तर भुकटी रंग धरत नाही. कोरडी भुकटी काचेच्या नळीत थोडीथोडी घालून सारखी ठोकायची. कुठे पोकळी राहिली की द्रावण तिथून पुढे धावते, पट्टे तिरके होतात. वरून अर्क आणि मग शुद्ध द्रावक सोडला की कॅरोटिन खाली वाहून जाते, वर निळसर हिरवे क्लोरोफिल ए आणि त्याहून वर पिवळसर हिरवे बी थांबते. शेवटी भुकटीचा दांडा ढकलून बाहेर काढायचा, पट्टे सुरीने वेगळे करायचे आणि प्रत्येकातला रंग अल्कोहोलने सोडवायचा.

एवढे सोपे असूनही पद्धत रुजली नाही. रिचर्ड विल्श्टेटर यांच्यासारख्या मोठ्या रसायनज्ञाला नळीत क्लोरोफिल बिघडते असे वाटले, आणि त्यांच्या शब्दाला वजन होते. भुकटीची निवड चुकली तर रंग खरोखरच बिघडतो. त्स्वेत यांची सारी मेहनत ती निवड नेमकी करण्यातच होती. १९१० चा त्यांचा सविस्तर ग्रंथ रशियनमध्ये असल्याने जर्मन प्रयोगशाळांत फारसा वाचला गेला नाही. १९१५ मध्ये युद्धामुळे वॉर्सा सोडावे लागले. १९१९ साली व्होरोनेझमध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

१९३१ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला कून, विंटरश्टाइन आणि लेडरर या रसायनज्ञांनी ती नळी पुन्हा भरली. अंड्याच्या बलकातले ल्युटिन आणि झियाझँथिन हे दोन पिवळे रंग त्यांनी वेगळे केले, तेही कॅल्शियम कार्बोनेटवरच.