संस्थाचालक ते शिक्षणलेखक : 'कायम' या शब्दाची पार्श्वभूमी

नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, तेव्हापासून इथे खासगी संस्थांच्या मराठी शाळा आहेत. पण ज्या संस्थाचालकाबद्दल हे टिपण आहे, त्यांची गोष्ट २००१ च्या धोरणापाशी सुरू होते. नव्या शाळांना परवानगी मिळू लागली ती 'कायम विनाअनुदानित' या अटीवर. शाळा काढा, अनुदान कधीच मागू नका. त्यांनी तसं हमीपत्र दिलं आणि वस्तीत मराठी शाळा उघडली.

२००९ मध्ये इंग्रजी माध्यम वगळता इतर शाळांच्या मान्यतेतला 'कायम' हा शब्द काढला गेला. इथेच बहुतेकांची गफलत होते. शब्द गेला म्हणजे पगार सुरू झाला, असं बाहेरच्यांना वाटलं. प्रत्यक्षात शाळा फक्त विनाअनुदानित उरली. पुढे मूल्यांकन, मग पात्र शाळांची यादी, यादीत नाव नसेल तर 'अघोषित' हा नवा शिक्का. २०१६ मध्ये पात्र शाळांना वेतन अनुदानाचा २० टक्के टप्पा मिळाला. तोवर कित्येक शिक्षकांची उमेदीची वर्षं बिनपगारी गेली होती. शिवाय १ नोव्हेंबर २००५ पूर्वी रुजू होऊनही शाळा शंभर टक्के अनुदानावर उशिरा आली, म्हणून जुनी पेन्शन नाकारली गेलेले वेगळेच. हमीपत्र दिलं होतं ना, असं शासनाची बाजू घेणारे म्हणतात. पण सही संस्थेची होती, उपाशी शिक्षक राहिला. मला ही बाजू कधीच पटलेली नाही.

या संस्थाचालकांचं लेखन याच काळात घडलं. आधी अनुदानाच्या प्रस्तावातल्या त्रुटींची उत्तरं, मग हिवाळी अधिवेशनात मोर्चासोबत द्यायची निवेदनं, मग वर्तमानपत्राला पत्रं, शेवटी सदर. शासन निर्णयातलं एखादं 'तथापि' कुणाचा पगार अडवतं, हे ते ओळ दाखवून सांगतात. ही नजर त्यांना टेबलाटेबलावर फाइल फिरवून आली.

शाळेची सूत्रं त्यांनी पुढच्या पिढीकडे दिली, तोवर विषयही बदलले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट मिळाली. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. स्वतः संस्थाचालक असूनही त्यांनी या सवलतीच्या विरोधात लिहिलं, आणि जुने सहकारी दुरावले. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचं (शिक्षकांच्या ऑनलाइन पगारासाठी लागणाऱ्या ओळख क्रमांकाचं) प्रकरण उघडकीस आलं, तेव्हा ते पुन्हा त्याच बिनपगारी शिक्षकांकडे वळले : खरे रांगेत थांबले आणि खोट्यांच्या नावे पगार निघाले.