यांत्रिक इंधनदाब मापक (मोटारगाडीतील)

मोटारगाडीच्या इंधनवाहिनीतील पेट्रोलचा दाब विजेच्या मदतीशिवाय थेट काट्याने दाखवणारे उपकरण. बोलताना त्याला नुसते ‘फ्युएल प्रेशर गेज’ म्हणतात. तबकडीमागे धातूची चपटी, कमानीसारखी वाकवलेली नळी असते. तिचे एक टोक बंद असते, दुसरे इंधनवाहिनीला जोडलेले. आत दाब चढला की चपटी नळी फुगून गोल होऊ पाहते, तिचा बाक थोडा उलगडतो आणि बंद टोक जेमतेम काही मिलिमीटर सरकते. तरफ आणि दातेरी चाके तेवढ्यावर काटा फिरवतात. यूजेन बूर्दाँ या फ्रेंच अभियंत्याने १८४९ मध्ये या नळीचे पेटंट घेतले, तेव्हा मोजायची होती ती वाफ. वाफेच्या जागी पेट्रोल आले की अडचण उभी राहते: मोजायचा द्रव तबकडीपर्यंत स्वतः चालत येतो.

म्हणून मापक कुठे बसवायचा हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. प्रवासी कक्षात, डॅशबोर्डवर, पेट्रोलने भरलेली नळी आणू नये. जोड सैल झाला किंवा नळी फुटली तर दाबाखालचे पेट्रोल चालकाच्या मांडीवर उडेल. मापक बॉनेटखाली, फ्युएल रेलवर (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरांना ते पुरवणाऱ्या नळीवर) किंवा दाब नियंत्रकावर (रेग्युलेटरवर) बसवणे हा सरळ मार्ग. शर्यतीच्या गाड्यांत तो काचेबाहेर, बॉनेटच्या मागच्या कडेला चालकाकडे तोंड करून लावलेला दिसतो. आतच हवा असेल तर मध्ये ‘आयसोलेटर’ घालतात. या डबीत एक लवचीक पडदा असतो, त्याच्या एका बाजूला पेट्रोल आणि दुसऱ्या बाजूला मापकापर्यंत भरलेले गोठणरोधक द्रावण. दाब पडद्यातून पलीकडे जातो, पेट्रोल जात नाही. द्रावणाच्या बाजूला हवेचा बुडबुडा राहिला तर काटा आळशी होतो, त्यामुळे ती बाजू भरताना घाई करू नये.

मापकाची कमाल मर्यादा इंधनप्रणाली पाहून ठरते. कार्बोरेटरच्या गाडीत दाब साधारण ४ ते ७ पीएसआय (दर चौरस इंचावरील पौंड) असतो; तिथे ० ते १५ चा मापक हवा, १०० चा लावला तर काटा शून्यापासून जेमतेम हललेला दिसेल. पेट्रोल इंजेक्शनमध्ये दाब बहुधा ३५ ते ६० पीएसआय, म्हणजे अंदाजे २.५ ते ४ बार. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजिनांच्या उच्चदाब बाजूला दाब शेकडो बार असतो. तिथे असा मापक चालत नाही.

जोडणीआधी वाहिनीतला दाब उतरवतात: पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू करायचे आणि ते आपोआप बंद पडू द्यायचे, मग बॅटरीची ऋण तार सोडवायची. तरीही जोड उघडताना थोडे पेट्रोल येतेच, म्हणून खाली फडके धरतात आणि इंजिन थंड असतानाच हात घालतात. काही फ्युएल रेलवर टायरच्या व्हॉल्व्हसारखे तोंड असते. तिथे तपासणीपुरता मापक लावणे सोपे. कायमच्या जोडणीसाठी टी-जोड घालतात. मापकाचे आटे बहुधा १/८ इंची, निमुळते असतात आणि त्यांना पेट्रोल सोसणारे सीलंट लागते. टेफ्लॉन टेप मात्र टाळावी: तिचा एखादा धागा सुटून कार्बोरेटरच्या सुईझडपेत अडकला की कार्बोरेटर ओसंडून वाहू लागतो. फ्लेअर जोडात धातू धातूवर बसतो, त्याला काहीच लावायचे नसते. नळी पेट्रोलसाठीच बनवलेली हवी, शक्यतो स्टीलच्या जाळीची. ऑइलच्या मापकासोबत येणारी बारीक प्लॅस्टिकची नळी इथे चालत नाही. शेवटी फ्यूज आणि बॅटरीची तार परत जोडून, किल्ली फिरवून नुसता पंप चालू करायचा आणि प्रत्येक जोड बोटाने व नाकाने तपासायचा, इंजिन त्यानंतर.

थरथर कमी व्हावी म्हणून काही मापकांत ग्लिसरीन भरलेले असते. बॉनेटखालच्या उष्णतेने ते फुगते, मापकाच्या डबीतला दाब वाढतो आणि तो आतल्या चपट्या नळीवर बाहेरून पडतो. मग काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. वरचे रबरी बूच क्षणभर उचलले की काटा जागेवर येतो. पंप बदलायला निघण्याआधी हे करून पाहावे.

नियंत्रकाला व्हॅक्यूम नळी (इंजिनाच्या हवा शोषणाऱ्या बाजूकडून येणारी) असलेल्या गाडीत इंजिन मंद चालत असताना ती नळी काढली की दाब साधारण ८ ते १० पीएसआयने चढायला हवा. त्या नळीत पेट्रोलची ओल दिसली तर नियंत्रकाचा पडदा फाटला आहे. इंजिन बंद केल्यावर काटा भराभर पडत असेल तर गळती शोधायला रबरी नळ्या चिमटून धरतात. परतीची (पेट्रोल टाकीकडे परत नेणारी) नळी चिमटल्यावर काटा थांबला तर दोष नियंत्रकात, पुरवठ्याची चिमटल्यावर थांबला तर पंपाच्या एकमार्गी झडपेत. दोन्ही चिमटूनही काटा उतरतच राहिला आणि बाहेर कुठे पेट्रोल दिसत नसेल, तर एखादा इंजेक्टर आत ठिबकतो आहे.