यंत्राबरोबर आलेली सिस्टीम

लिनक्स ही विंडोजसारखीच संगणक चालवणारी सिस्टीम, पण मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता आणि बदलता येणारी. ‘लिनक्स अवघड, म्हणून लोक घेत नाहीत,’ असं सगळेच सांगतात. पण विंडोज तरी कितीजणांनी ‘घेतलं’? ते यंत्राबरोबर आलं.

या गोष्टीची सुरुवात लिनक्सच्याही आधीची. मायक्रोसॉफ्ट संगणक कंपन्यांशी ‘पर-प्रोसेसर’ करार करायची. म्हणजे विकलेल्या प्रत्येक यंत्रामागे डॉसचे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या तेव्हाच्या सिस्टीमचे, पैसे भरायचे, आत डॉस असो वा नसो. दुसऱ्या कुणाची सिस्टीम घातली की खर्च दुप्पट. १९९४मध्ये अमेरिकी न्याय विभागाशी झालेल्या तडजोडीत ही पद्धत थांबली, पण तोवर बाजाराची घडी बसली होती. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये हौस म्हणून लिहायला घेतलेलं लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, या घडीत शिरणार कुठून?

लिनक्सच्या घरातली भांडणंही होतीच. १९९६मध्ये केडीई आलं, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या खिडक्या-चित्रांचा दर्शनी भाग. ते ज्या क्यूटी नावाच्या साधनावर बांधलं होतं, त्याचा परवाना पुरेसा मुक्त नाही म्हणून पुढच्याच वर्षी ग्नोम हा दुसरा दर्शनी भाग सुरू झाला. तत्त्व म्हणून बरोबर, पण नवख्याला आधी हा वाद समजून घ्यावा लागायचा.

एकदा मात्र दार उघडलं होतं. २००७मध्ये आसुसचा ‘ईई पीसी’ हा छोटा लॅपटॉप आला. सात इंची पडदा, चार जीबी साठवण आणि आत लिनक्स, तेही कारखान्यातूनच भरलेलं. चालू केलं की इंटरनेट, काम, अभ्यास, खेळ असे टॅब, त्यात मोठाली चित्रं. इथे कुणाला अवघड गेलं नसतं. तेव्हाचं नवं विंडोज, विस्टा, एवढ्याशा यंत्रात मावणारं नव्हतं. मग निवृत्तीला आलेल्या जुन्या विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टने खास या छोट्या लॅपटॉपांसाठी, म्हणजे नेटबुकांसाठी, मुदतवाढ दिली, आणि थोड्याच काळात दुकानात बहुतेक नेटबुक एक्सपीचेच दिसू लागले.

आपल्याकडची अडचण वेगळी. डीटीपीवाल्याचं, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर मांडणाऱ्याचं, सगळं काम विंडोजवरच्या पेजमेकर आणि श्रीलिपी या सॉफ्टवेअरांत असायचं, तेही युनिकोड (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टात. अशी जुनी फाइल लिनक्सवर उघडली की लग्नपत्रिकेच्या जागी नुसती चिन्हं. त्याला मुक्त सॉफ्टवेअरचं तत्त्वज्ञान काय सांगणार? उद्या सकाळी गिऱ्हाईक दारात.

लिनक्सवर उभ्या असलेल्या उबुंटू या सिस्टीमच्या मार्क शटलवर्थने २००४मध्ये ‘बग क्रमांक १’, म्हणजे पहिला दोष, नोंदवला होता: बाजारात मायक्रोसॉफ्टचा वाटा मोठा आहे. २०१३मध्ये त्याने तो बंद केला. अँड्रॉइडने तोवर लिनक्सचं कर्नल खिशाखिशांत पोचवलं होतं, अर्थात फोनबरोबर आलेलं.