पटावरच्या बायका

परळच्या आमच्या जुन्या चाळीतल्या शेजाऱ्यांची नात अमेरिकेत असते. तिचा नवरा तिथल्या लष्करात आहे. गेल्या महिन्यात त्याची बदली जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला निघाली. चार वर्षांचा मुलगा, भाड्याचं घर, हप्त्यावरची गाडी, सगळं आवरून निघायचं म्हणून इकडे आजीचे मेतकूट-भाजणीचे डबे भरायला लागले. मग कळलं की ऑर्डर फक्त नवऱ्याची आहे. बायको-मुलासाठी वेगळी मंजुरी लागते, तिला 'कमांड स्पॉन्सरशिप' म्हणतात. आजींनी मला फोन करून विचारलं, "अरे, नवरा-बायकोला जायला परवानगी कसली मागायची?"

प्रश्न रास्त होता, पण जुना होता. मुंबईत तर तो फारच जुना आहे. आज परदेशी लष्करी तळ म्हटलं की आपल्याला जर्मनी, जपान, कोरिया आठवतात. इंग्लंडातल्या शिपायाच्या बायकोला दोन-अडीचशे वर्षं त्याच अर्थाने मुंबई आठवत होती. कुलाबा हा तिचा परदेशी तळ होता.

आपल्याकडे या प्रश्नाची दोन टोकाची उत्तरं झाली. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराचे नियम दिले आहेत: पावसाळ्यात छावणी, दसऱ्याला कूच, आणि लष्करात बायको, बटकी, कलावंतीण कोणी नेऊ नये, नेईल त्याची गर्दन मारावी. शंभरेक वर्षांनी हेच मराठे पानिपतावर गेले तेव्हा सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई बरोबर होत्या आणि लढणाऱ्यांच्या मागे यात्रेकरू, बायका-मुलं, बाजारबुणगे यांचा लोंढा होता. १७६१ च्या जानेवारीत त्याचं काय झालं ते सांगायला नको. सगळ्यांना बंदी किंवा सगळ्यांना मोकळीक, असा हा मामला. इंग्रजांनी मधला मार्ग काढला: मोजून न्यायच्या.

सुरुवातीला मोजायला बायकाच नव्हत्या. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या यांच्या १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि पुढच्या वर्षी सर अब्राहम शिपमन सुमारे चारशे शिपाई घेऊन आला. पोर्तुगीजांनी बेट सोडायला नकार दिला, तेव्हा ही फौज कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन पडली. शिपमनसकट बहुतेक जण तिथेच मेले. उरलेल्यांनी १६६५ मध्ये मुंबई ताब्यात घेतली, आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंडांच्या भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. शिपाई टिकायचे तर संसार हवेत, असं कंपनीच्या लक्षात आलं आणि तिने शिपायांशी लग्न लावण्यासाठी इंग्लंडहून बायका धाडल्या. कपड्यांचा एक जोड आणि वर्षभराचं खाणं कंपनीकडून. तेवढ्या मुदतीत लग्न जमवायचं. ज्यांची वागणूक साहेबांना खटकली त्यांना कोंडून पाव-पाण्यावर ठेवायची ताकीद सुटली. आपल्या गावाच्या इतिहासात हे प्रकरण दोन ओळींत उरकतात. मला तरी त्या वर्षभराच्या मुदतीचा हिशेब राहून राहून आठवतो.

पुढे पलटणी वाढल्या आणि नियम पक्का झाला. शिपायाला लग्नासाठी कर्नलची परवानगी लागे. परवानगीने केलेली बायको पलटणीच्या पटावर चढे: तिला शिधा, तिला जागा, तिला जहाजावर तिकीट. परवानगीवाचून केलेली बायको लष्कराच्या लेखी नव्हतीच. पटावरही मर्यादा होती. पलटण समुद्रापार निघाली की साधारण शंभर शिपायांमागे सहा बायका; हिंदुस्थानात जायचं तर बारा, कारण इथला मुक्काम लांबचा, कधी वीस वर्षांचाही.

आता या बारा कोणत्या? निघायच्या आदल्या दिवशी एका टोपीत चिठ्ठ्या टाकत. काहींवर 'जायचं', बाकीच्यांवर 'जायचं नाही'. एकेक बाई पुढे येऊन हात घाली. कडेवर पोर घेऊन आलेली बाई 'जायचं नाही'ची घडी उलगडते आणि नवरा रांगेत ताठ उभा राहून ते बघतो, हे दृश्य इंग्लंडच्या बंदरांवर वर्षानुवर्षं घडत होतं. मागे राहिलेलीला गावी परतायला थोडे पैसे मिळत, पुढे धर्मादाय. हिंदुस्थानातून नवरा परत येईलच याची खात्री नसायची.

चिठ्ठी लागली तिचा प्रवास आफ्रिकेला वळसा घालून चार ते सहा महिन्यांचा. उतरल्यावर कुलाबा. तिथे १७९६ पासून लष्करी छावणी होती, पण बेट तुटलेलं. १८३८ मध्ये कॉजवे झाला तोवर मुंबईत यायचं तर भरती-ओहोटी बघावी लागे. आणि घर म्हणजे काय? बराकीचा कोपरा. लांबलचक दालन, दोन्ही बाजूंना शिपायांच्या खाटा, आणि टोकाला दोरीवर टाकलेली कांबळ. कांबळीच्या अलीकडे नवरा-बायको-पोरं, पलीकडे पलटण. बाळंतपणंही कांबळीआडच. इंग्लंडात असताना ती शिपायांचे कपडे धुऊन चार पैसे मिळवायची. इथे धोबी होता, पाणक्या होता, त्यामुळे मळक्या कपड्यांतून सुटली आणि रिकामी झाली. उन्हाळ्यात त्या रिकामपणाचं ओझं किती झालं असेल, ते मे महिन्यात दुपारी आर. सी. चर्चच्या बस स्टॉपवर उभं राहिलं की थोडंफार कळतं.

ज्यांना बायको आणता येत नव्हती, त्या बहुसंख्य शिपायांसाठी छावण्यांत 'लाल बाजार', म्हणजे वेश्यावस्ती चाले, पलटणीच्या देखरेखीखाली. लग्नावरचा मोजमापाचा नियम आणि लाल बाजार ही एकाच वहीची दोन पानं.

मरण तर वहीत रोज येई. हिंदुस्थानातल्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये निघाला. त्यात गोऱ्या शिपायांचं मरणाचं प्रमाण वर्षाला हजारी ६९ होतं, आणि ते मुख्यतः पटकी, आव, तापाने, लढाईने नव्हे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने त्यावर लेखणी चालवली, हवेशीर बराकी आणि विवाहितांसाठी वेगळ्या खोल्या बांधायला जोर आला. आजाऱ्यांना डोंगरावर पाठवत. आपला पुरंदर, जिथे संभाजीराजांचा जन्म झाला, तो त्या काळात गोऱ्या शिपायांचं आरोग्यधाम होता.

नवरा मेला की विधवेचा शिधा काही महिन्यांत बंद व्हायचा आणि तिचं नाव पटावरून उतरायचं. परतायचं नाहीतर पलटणीतच दुसरं लग्न करायचं. म्हणून महिना-दोन महिन्यांत दुसरं लग्न झाल्याच्या नोंदी सापडतात, आणि त्या वाचून नाकं मुरडणारे साहेबही सापडतात. पोरक्या मुलांची सोय १८१५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीने केली. आर्चडीकन बार्न्स यांच्या पुढाकाराने निघालेली तिची शाळा नंतर भायखळ्याला आली आणि १९२५ मध्ये तिचा एक भाग देवळालीला गेला. तेच आजचं बार्न्स स्कूल.

देवळालीचा उल्लेख निघालाच आहे तर थांबू. १८६० च्या दशकात तिथे तळ उभा राहिला, १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे गेली, आणि १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. महिन्यांचा प्रवास आठवड्यांवर आला. सरकारने यासाठी पाच खास जहाजं बांधली होती: क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार, सेरापिस. पांढरीशुभ्र, पोर्ट्समथ ते मुंबई फेऱ्या. फौजांची ने-आण दसऱ्याच्या सुमारास सुरू होई आणि उन्हाळा तापायच्या आत संपे. आपलं सीमोल्लंघन आणि त्यांचा जहाजांचा मोसम एकाच वेळी यायचा, कारण पावसाळा दोघांनाही तोच होता. मोसम चुकला की मुदत संपलेल्या शिपायाला पुढच्या जहाजापर्यंत देवळालीत बसून राहावं लागे. काम नाही, घर दूर, ऊन वर. डोकं फिरलेल्याला इंग्रजीत 'डूलाली टॅप' म्हणू लागले. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. इंग्लंडात आजही वेड लागलेल्याला 'डूलाली' म्हणतात; नाशिककरांना याची गंमत वाटते की राग येतो, ते माणसागणिक बदलतं.

देशी शिपायाच्या बायकोचं काय? छावणीत देशी पलटणीच्या लाइनींमध्ये कुटुंबं राहत, पलटणीबरोबर गाव बदलत. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या छावणीत होते म्हणून १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेबांचा जन्म महूला झाला, आणि निवृत्तीनंतर कुटुंब कॅम्प दापोलीला आलं, जिथे पेन्शनरांची वस्तीच होती. पण मोहीम समुद्रापारची असली की दार बंद. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी इराकमध्ये कुतला वेढ्यात अडकल्या तेव्हा त्यांच्या बायका सातारा-रत्नागिरीत मनीऑर्डरीची वाट बघत होत्या. त्यांच्यासाठी टोपी नव्हती, चिठ्ठीही नव्हती.

२८ फेब्रुवारी १९४८ ला सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन गेटवेतून बाहेर पडली आणि मुंबई परदेशी तळ राहिली नाही. त्याआधीच, १९४६ च्या एप्रिलमध्ये, अमेरिकन शिपायांच्या बायका-मुलांचं पहिलं जहाज जर्मनीत ब्रेमरहाफेनला लागलं होतं. १९७३ मध्ये अमेरिकेने सक्तीची भरती थांबवली. पगारी सैन्यात माणूस टिकवायचा तर घरचे बरोबर हवेत, म्हणून तळांवर शाळा, दवाखाने, दुकानं वाढली. कायझर्सलाउटर्नच्या परिसरात तर अमेरिकेबाहेरची सगळ्यात मोठी अमेरिकन लष्करी वस्ती आहे.

पट मात्र राहिला. मंजुरी असेल तर कुटुंबाचा प्रवासखर्च, घर, तळावरच्या शाळेत जागा. मंजुरीवाचून बायको स्वतःच्या पैशाने गेलीच, तर जुन्या काळच्या पटाबाहेरच्या बाईसारखी ती आपल्या हिमतीवर. चिठ्ठीच्या जागी आता वैद्यकीय तपासणी आली आहे: घरातल्या प्रत्येकाचे आजार नोंदवायचे, आणि लागणारा इलाज त्या तळाजवळ मिळत नसेल तर मंजुरी अडते.

आजींच्या पणतूला दमा आहे. फार नाही, पावसाळ्यात पंप लागतो एवढाच. त्याचे कागद गेलेत, उत्तर आलेलं नाही. नवरा पुढच्या महिन्यात एकटाच निघतोय. भाजणी टिकते, मेतकूटही टिकतं. फक्त पार्सलवर पत्ता कुठला घालायचा ते आजींनी मोकळं सोडलंय.