घाटात निघण्याआधी कॅमेरा एसीतून बाहेर काढा

पावसाळ्यात गोव्यातल्या साखळीहून केरी, अंजुणे धरण, चोर्ला घाट अशी फोटोंसाठीची फेरी आमच्या गाड्या करतात. परतताना बहुतेकांचा एकच प्रश्न असतो: "फोटो धुरकट का आले?" धुकं होतं, असं सांगून आम्हाला मोकळं होता येईल. पण दहातल्या आठ वेळा दोष धुक्याचा नसतो. तो गाडीतल्या एसीचा असतो, आणि त्याहून जास्त हॉटेलातल्या.

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे, निदान घाटाखाली तरी, हवेत इतका ओलावा असतो की साधारण चोवीस अंशांहून गार असलेली वस्तू बाहेर आणली की तिला पाणी सुटलंच. फ्रिजमधली बाटली आठवा. रात्रभर अठरा अंशांच्या खोलीत पडलेला कॅमेरा नुसता वरून नाही, आतल्या भिंगापर्यंत गार झालेला असतो. काच पुसली की क्षणभर स्वच्छ दिसते, मग पुन्हा पांढरी. मोठी लेन्स ताळ्यावर यायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि पुसून तो वेळ कमी होत नाही. मोबाइल लवकर सुधारतो, पण वाफ त्याच्याही काचेवर धरते.

गेल्या जुलैत एक पाहुणे घाटातल्या रुंद वळणावर उतरले. समोरच्या डोंगरावर ढग फाटून ऊन पडलं, खालची झाडी पोपटी झाली आणि मागे काळंकुट्ट आभाळ. हे चित्र चारेक मिनिटं टिकलं. तेवढा वेळ ते सदऱ्याच्या टोकाने लेन्स पुसत होते. मग घाईत त्यांनी लेन्स काढून दुसरी लावली. हे तर कधीच करू नका. गार कॅमेरा दमट हवेत उघडला की आत चित्र टिपणाऱ्या सेन्सरवरही वाफ धरते.

उपाय साधा आहे. आदल्या रात्री कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि एसी नसलेल्या जागी ठेवा. तशी जागा नसेल तर निघताना पिशवी न उघडता तशीच घेऊन या. पाणी मग पिशवीला बाहेरून धरेल, काचेला नाही. जाड पिशव्या आमच्या गाडीत असतात, त्यांचे वेगळे पैसे लावत नाही. सिलिका जेलच्या पुड्या कपाटात बुरशी येऊ नये म्हणून चांगल्या, पण या कामात त्यांच्यावर विसंबू नका.

केरी यायच्या आधीच आम्ही एसी बंद करून काचा खाली करतो. यावर तक्रारी येतात: एसी गाडीचे पैसे घेता आणि घामाघूम करता. एसी आहे, चालतो, परतीच्या वाटेवर हवा तेवढा लावू. बॅग मागे ठेवली की झालं, असंही काही जण सुचवतात. मोठ्या गाड्यांमध्ये मागची जागा आतल्या हवेलाच जोडलेली असते, तिथे बॅग तेवढीच गार होते. वेगळी डिकी असलेली आमची एक छोटी गाडी आहे. दोघंच असाल तर ती मागून घ्या.

वेळेबद्दलही थोडं. सूर्योदयाला निघू, असा आग्रह असतो. पण साखळी-केरीकडून सूर्य सह्याद्रीच्या पाठीमागून उगवतो आणि डोंगराची आपल्याकडची बाजू बराच वेळ सावलीत राहते. दुपारी अडीचला निघा. जुलैत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. पश्चिमेला ढगाखाली फट राहिली तर पाच ते साडेसहाच्या दरम्यान तिरपं ऊन थेट डोंगरावर येतं. नाही राहिली, तर धुकं आहेच. धुक्यात कॅमेरा चित्र काळपट घेतो, सेटिंगमध्ये उजेड अर्धा ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). फोकस जवळच्या झाडाच्या कडेवर धरा, नाहीतर लेन्स नुसती घरघरत राहते. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा चकाकी कापणारा फिल्टर, असेल तर आणा. ओल्या पानांवरची चकाकी गेली की खरा हिरवा दिसतो.

विजेचे फोटो हवे असतील तर ऐन पावसाळ्यात येऊ नका. तेव्हा पाऊस धो धो, पण गडगडाट क्वचितच. मे अखेर किंवा ऑक्टोबर बरा. वीज चमकू लागली की सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, ट्रायपॉड घेऊन उभं राहायला आम्ही देत नाही. गाडीत बसून काढा.

घाटातल्या आंधळ्या वळणांवर, कितीही विनवलं तरी, गाडी थांबणार नाही. मागून गाड्या येत असतात. थांबण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. तिथे तुम्ही तासभर ढगाची वाट पाहिलीत तरी थांबण्याचे पैसे धरत नाही. ही सोय सगळीकडे मिळत नाही, एवढं सांगायला हरकत नसावी.

गाडी आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत ठरवा. त्या रात्री नऊला आमचा फोन येईल आणि पहिला प्रश्न असेल, कॅमेरा कुठे ठेवलाय?