ऱ्होड आयलंडमधील ऐतिहासिक स्थळे व संग्रहालये

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील क्षेत्रफळाने सर्वांत लहान असलेल्या या राज्यात वसाहतकाळातील वास्तू मोठ्या संख्येने टिकून आहेत. त्या मुख्यतः प्रॉव्हिडन्स (स्थापना १६३६) आणि न्यूपोर्ट (१६३९) या दोन बंदरांत असून एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर आहेत. मॅसॅचूसेट्समधून धर्ममतांसाठी हद्दपार झालेल्या रॉजर विल्यम्सने नॅरगॅन्सेट जमातीच्या प्रमुखांकडून जमीन मिळवून प्रॉव्हिडन्स वसवले. दुसऱ्या चार्ल्स राजाने १६६३ मध्ये दिलेल्या सनदेत वसाहतीला धर्मस्वातंत्र्याची हमी होती. ही मूळ सनद प्रॉव्हिडन्सच्या संगमरवरी घुमटाच्या राज्यभवनात पाहायला मिळते. स्थलदर्शिकांतून येथील अनेक वास्तूंना ‘देशातील सर्वांत जुनी’ असे बिरुद लावलेले आढळते. ते वाचताना बिरुद वास्तूचे आहे की संस्थेचे, हे तपासून घेणे इष्ट. अमेरिकेतील पहिल्या बाप्टिस्ट (प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथ) मंडळीची स्थापना १६३८ ची मानतात, पण तिचे प्रॉव्हिडन्समधील सध्याचे चर्च १७७५ चे आहे. न्यूपोर्टच्या टुरो सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) बाबतीत नेमके उलट आहे. इमारत देशात टिकलेल्या सिनेगॉगांत सर्वांत जुनी, पण न्यूयॉर्कची ज्यू मंडळी तिच्याहून बरीच आधीची.

न्यूपोर्टचा दगडी मनोरा : टुरो पार्कमधील हा छप्पर नसलेला गोल मनोरा सुमारे ८·५ मी. उंच असून आठ गोल खांबांवरील कमानींवर उभा आहे. बांधकाम अनघड दगड व चुन्याचे. खांबांच्या वर आतल्या बाजूस तुळयांसाठी ठेवलेल्या खाचा आहेत. वरच्या मजल्याच्या भिंतीत एक फायरप्लेस आहे आणि तिची धुराडी भिंतीच्या जाडीतूनच वर नेलेली आहेत. वर्तुळ नेमके गोल नाही. दोन दिशांनी घेतलेल्या व्यासांत सुमारे एका फुटाचा फरक पडतो.

मनोऱ्याचा सर्वांत जुना भरवशाचा उल्लेख गव्हर्नर बेनेडिक्ट अर्नोल्ड याच्या डिसेंबर १६७७ च्या मृत्युपत्रात आहे. (अमेरिकन क्रांतीत फितूर झालेला याच नावाचा सेनानी त्याचा वंशज.) आपल्या घरापासून ‘माझ्या दगडी पवनचक्की’कडे जाणाऱ्या वाटेलगत आपल्याला पुरावे, असे त्याने लिहून ठेवले होते. गावातली आधीची पवनचक्की ऑगस्ट १६७५ च्या वादळात कोसळली होती. त्यामुळे दगडी चक्की त्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांत उभी राहिली असावी, असा तर्क केला जातो. तो पटण्याजोगा आहे. मात्र मृत्युपत्रात चक्की बांधल्याचा नव्हे, तर ती असल्याचा उल्लेख आहे, आणि सगळा वाद या फटीतून शिरला.

१८३७ मध्ये डॅनिश विद्वान कार्ल क्रिस्चन राफ्न याने हा मनोरा अकराव्या-बाराव्या शतकांतील नॉर्स (स्कँडिनेव्हियातील व्हायकिंग) दर्यावर्दींनी बांधला असल्याचे मत मांडले. थोड्याच वर्षांत एका लोकप्रिय कवितेने ते घरोघरी पोहोचवले. १९४२ मध्ये फिलिप एन्सवर्थ मीन्स याने याच पक्षाची सविस्तर बाजू मांडली. गोल वास्तू, खांब व कमानी यांचे स्कँडिनेव्हियातील मध्ययुगीन चर्चशी असलेले साम्य, हा त्याचा मुख्य आधार होता. तो पोर्तुगीज दर्यावर्दींनी बांधल्याचा दावा त्यामानाने नंतरचा. पंधराव्या शतकातील चिनी आरमाराने बांधल्याचा दावा अगदी अलीकडचा असून त्याला इतिहासकारांत मान्यता नाही. खिडक्यांच्या दिशांत सूर्य-चंद्राचे वेध शोधणारेही आहेत, पण इतक्या भोकांच्या वास्तूत काही ना काही वेध जुळणारच.

विल्यम गॉडफ्री याने १९४८–४९ मध्ये येथे उत्खनन केले. खांबांच्या पायासाठी खणलेल्या चरांच्या भरावात त्याला मातीच्या चिलमींचे तुकडे व झिलईची खापरे मिळाली, चिकणमातीत टाचेच्या बुटाचा ठसाही दिसला. हे अवशेष सतराव्या शतकातले. पायाचा चर बुजवताना ते आत पडले असतील, तर मनोरा त्याआधीचा असू शकत नाही. विरोधकांच्या मते चर नंतर कोणीतरी पुन्हा उकरला असावा, परंतु गॉडफ्रीने नोंदवलेल्या थरांवरून तसे दिसत नाही. नॉर्स बनावटीची एकही वस्तू हाती लागली नाही. न्यू फाउंडलंडमधील लान्स ओ मेडोज येथे १९६० मध्ये नॉर्स वस्ती सापडल्याने ते लोक अमेरिकेत आल्याचे निश्चित झाले, पण न्यूपोर्टच्या प्रश्नाला त्याने काही फरक पडत नाही.

चुन्याची साक्ष अधिक बोलकी आहे. येथे शिंपले भाजून केलेला चुना वापरला आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केलेल्या तुलनेत तो न्यूपोर्टच्या सतराव्या शतकातील घरांच्या चुन्याशी जुळला. चुना वाळताना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो. म्हणून त्यातील कार्बन-१४ (काळानुसार ठरावीक गतीने घटणारा किरणोत्सर्गी कार्बन) मोजल्यास बांधकामाचा काळ काढता येतो. अडचण दोन बाजूंनी येते. पुरते न भाजलेले शिंपल्याचे कण राहिले, तर काळ खोटाच मागे जातो. उलट नंतर कोणी दगडांमधील फटी चुन्याने पुन्हा भरल्या असतील, तर तो पुढे सरकतो. डेन्मार्क व फिनलंडच्या संशोधकांनी १९९० च्या दशकारंभी भिंतीत खोलवर भोके पाडून नमुने घेतले आणि त्यांतून सतराव्या शतकाचाच काळ निघाला. डॅनिश विद्वानाने सुरू केलेला वाद डॅनिश प्रयोगशाळेने बहुतांशी मिटवला, असे म्हणता येईल.

पवनचक्की-पक्षाचाही एक जुना दुवा मात्र सैल आहे. इंग्लंडमधील वॉरिकशर परगण्यात चेस्टरटन येथे १६३२–३३ ची कमानींवर उभी असलेली दगडी पवनचक्की आहे. अर्नोल्ड त्याच भागातला असल्याने त्याने तिची नक्कल केली, असे पूर्वीचे लेखक सांगत. पुढे त्याचा जन्म दूर सॉमरसेटमधील इल्चेस्टरचा असल्याचे दिसून आले. शिवाय चेस्टरटनला खांब सहा असून काम घडीव दगडाचे आहे. तेथील नमुना न्यूपोर्टला कसा पोहोचला असेल, हा प्रश्न त्यामुळे खुला राहतो, पण मनोऱ्याच्या काळाला त्याने बाध येत नाही.

न्यूपोर्टमधील इतर वास्तू : टुरो सिनेगॉग (१७६३), रेडवुड ग्रंथालय (१७५०) व सध्या नगरेतिहासाचे संग्रहालय असलेली ब्रिक मार्केटची इमारत या तिन्ही पीटर हॅरिसनच्या. सिनेगॉगच्या सज्जाला पेलणारे बारा आयोनिक खांब प्रत्येकी एकाच झाडाच्या बुंध्यातून कोरलेले आहेत. जॉर्ज वॉशिंग्टनने १७९० मध्ये या मंडळीला पाठवलेले पत्र अमेरिकी धर्मस्वातंत्र्याच्या इतिहासात नेहमी उद्धृत होते. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे सभागृह १६९९ चे.

या वैभवामागे गुलामांचा व्यापार होता. मळीपासून रम, रम देऊन आफ्रिकेतून माणसे, आणि त्यांच्या बदल्यात पुन्हा मळी, अशा चक्रात ऱ्होड आयलंडच्या जहाजांनी सुमारे एक लाख आफ्रिकी लोकांची वाहतूक केली. न्यूपोर्टच्या सार्वजनिक दफनभूमीतील ‘गॉड्स लिटल एकर’ हा आफ्रिकी लोकांचा भाग अवश्य पाहावा. ‘हा दगड पॉम्पी स्टीव्हन्सने, आपला भाऊ कफी गिब्ज याच्या स्मरणार्थ घडवला’, असे १७६८ चा एक कोरीव स्लेटदगड सांगतो. भावांची आडनावे वेगळी आहेत, कारण ती त्यांच्या मालकांची आहेत. गुलाम पाथरवटाने कामावर स्वतःचे नाव कोरल्याचे असे उदाहरण विरळा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धनाढ्यांनी बांधलेले मार्बल हाउस (१८९२) आणि व्हँडरबिल्ट कुटुंबाचा ७० खोल्यांचा ब्रेकर्स (१८९५) हे रिचर्ड मॉरिस हंट याने आखलेले प्रासाद पर्यटकांचे मुख्य आकर्षण आहेत. त्यांची वर्णने सर्वत्र उपलब्ध आहेत.

प्रॉव्हिडन्स व पॉटकेट : जॉन ब्राउन या व्यापाऱ्याचे १७८८ चे विटांचे घर आता संग्रहालय आहे. १७८७ च्या अखेरीस निघालेले त्याचे ‘जनरल वॉशिंग्टन’ हे जहाज मद्रास व पाँडिचेरीवरून चीनमधील कँटनला गेले. गुलामांच्या व्यापाराला बंदी घालणाऱ्या संघराज्याच्या कायद्याखाली १७९७ मध्ये त्याच्यावर खटला झाला, त्यामागे त्याचा सख्खा भाऊ मोझेस होता. याच मोझेसच्या भांडवलावर सॅम्युएल स्लेटरने पाण्याच्या शक्तीवर सूत काढले. पॉटकेटची १७९३ ची स्लेटर गिरणी आज राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग आहे. अमेरिकेतील ‘पहिली’ गिरणी म्हणण्यापेक्षा पाण्यावर चाललेली पहिली यशस्वी सूतगिरणी म्हणणे अचूक, कारण मॅसॅचूसेट्समध्ये बेव्हर्लीला आधीच एक होती. स्लेटरचे पहिले कामगार ७ ते १२ वर्षांची मुले होती. गुलामीविरोधी मोझेसचा हा उद्योग पुढे दक्षिणेतील गुलामांच्या कापसावर पोसला गेला.

ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनचे संग्रहालय (१८७७) देशातील चांगल्या कलासंग्रहांपैकी एक. तेथील बाराव्या शतकातील लाकडी जपानी बुद्धमूर्ती आणि नो नाट्याची वस्त्रे उल्लेखनीय आहेत.

सुरतेशी संबंध : १६९५ मध्ये मक्केहून सुरतेस परतणाऱ्या औरंगजेबाच्या ‘गंज-ए-सवाई’ची लूट झाली. त्या चाचांच्या ताफ्यात न्यूपोर्टचा टॉमस ट्यू होता. ‘गंज-ए-सवाई’सोबतच्या जहाजाशी झालेल्या झटापटीत तो मारला गेला. न्यूपोर्टशेजारच्या मिडलटाउनमध्ये २०१४ मध्ये १६९३ चे येमेनी चांदीचे नाणे सापडले आणि काही जण त्याचा संबंध या लुटीशी जोडतात. लाल समुद्रातून इतर चाचेही पैसा आणत असल्याने हा निष्कर्ष सावधपणेच घ्यावा.

मूळ रहिवासी : डिसेंबर १६७५ मध्ये वसाहतींच्या फौजेने ग्रेट स्वॉम्प येथील नॅरगॅन्सेट वस्ती जाळली, त्या घटनेचा स्तंभ साउथ किंग्सटाउनमध्ये आहे (१९०६). एक्सेटरजवळील क्वीन्स फोर्ट या दगडी तटबंदीचे श्रेय ‘स्टोनवॉल जॉन’ या नॅरगॅन्सेट गवंड्याला देतात. मूळ रहिवाशांनी स्वतः चालवलेल्या टोमाक्वॅग संग्रहालयाला (१९५८) २०१६ मध्ये राष्ट्रीय पदक मिळाले.

ब्लॉक आयलंड बेटावरील आग्नेय दीपगृह (१८७५) कड्याची धूप होऊ लागल्याने १९९३ मध्ये इमारतीसह सुमारे ९० मी. आत सरकवण्यात आले.